सकाळी सातचे फोन: सोलर वॉटर हीटरच्या एका फर्मने क्लाउड टेलिफोनी कशी घेतली

पार्श्वभूमी

सांगलीतली ही फर्म दोन भावांची. सोलर वॉटर हीटर विकायचे, गच्चीवर बसवायचे आणि पुढची दहा-बारा वर्षं सांभाळायचे, हा धंदा. नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात. बसवणी आणि दुरुस्ती त्यांच्याकडे. धाकटे विक्री बघतात. हिशेब, पगार, बँक आणि कुणाची उधारी किती ताणायची हे अण्णांच्या पत्नीकडे. त्यांना अख्खी फर्म वहिनी म्हणते, मीही म्हणतो. बाहेर फिरणारे अकरा तंत्रज्ञ, ऑफिसात फोनवर दोन मुली.

विक्रीत हाती फार उरत नाही. पोटापाण्याचं उत्पन्न वार्षिक देखभाल करारांचं, म्हणजे एएमसीचं. या पट्ट्यात बोअरचं पाणी जड. दोन-तीन वर्षांत टाकीच्या तळाशी आणि काचेच्या नळ्यांत पांढरा क्षार बसतो, पाणी कोमटाच्या पुढे जात नाही, आणि नोव्हेंबर उजाडला की तक्रारी सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत फोन थांबत नाही. एप्रिलमध्ये सोलर बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

फोनची व्यवस्था जुनीच. दोन लँडलाइन, एक छोटा ईपीएबीएक्स, म्हणजे आलेले फोन ऑफिसात वाटून देणारी पेटी. ऑफिस तळमजल्यावर, कृष्णेच्या पुराच्या टप्प्यात. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात ईपीएबीएक्स पाण्यात गेला, त्याच्या जागी जुनाच एक विकत आणला. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा शिरलं. या खेपेला पेटी वेळेत माळ्यावर चढवली होती, पण भिंतीतली वायरिंग गेली. तेव्हापासून एका लाइनीवर खरखर आणि दुसरी पाऊस आला की मुकी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. प्रत्येक टाकीवर फर्मचा स्टिकर असतो, त्यावर लँडलाइनचा नंबर. उन्हाने तो चार-पाच वर्षांत पुसट होतो. त्या स्टिकरखाली बहुतेक गच्च्यांवर काळ्या मार्करने लिहिलेला दुसरा नंबर दिसतो. तो तंत्रज्ञाचा स्वतःचा.

अडचण

२०२३च्या जानेवारीत सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञाने काम सोडलं आणि स्वतःची सेवा सुरू केली. भांडण नाही, तंटा नाही. निरोपाला जेवणही झालं. पण मार्च-एप्रिलमध्ये करार नूतनीकरणाचे फोन लावायला घेतले तेव्हा मिरजेकडच्या भागातून एकच उत्तर यायला लागलं: "आमचं काम झालंय की, तुमचेच पाहुणे येऊन गेले." ग्राहकांनी फर्म सोडली असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. मार्करचा नंबर लावला, ओळखीचा माणूस आला, पैसे दिले.

अण्णांचं म्हणणं, माणूस फुटला. धाकट्या भावाचं म्हणणं, लँडलाइन लागतच नाही, मग लोक दुसरीकडे जाणारच. वहिनी वेगळंच बोलल्या. त्यांनी मला दोन वह्या दाखवल्या, तक्रारींच्या. एकीत नाव आणि गाव, दुसरीत नाव आणि फोन, आणि दोन्हींत मिळून निम्म्या नोंदी "परवाचेच, कुपवाडचे" अशा. "आपल्याकडे ग्राहक आहेत," त्या म्हणाल्या, "पण ग्राहकांची यादी पोरांच्या फोनमध्ये आहे."

मला बोलावलं होतं ते नव्या ईपीएबीएक्सचा अंदाज काढायला. वहिनींच्या वह्या बघितल्यावर पेटीचा प्रश्न मागे पडला. फोन लागत नाही हे दिसणारं दुखणं होतं. फोनवरून जी ओळख तयार होते ती फर्मच्या हातात राहत नाही, हे खरं दुखणं.

समोरचे पर्याय

पहिला, नवा ईपीएबीएक्स आणि त्याला पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक फोन नेणारी लाइन. पीआरआयवर एका वेळी ३० संभाषणं चालतात. फर्मला डिसेंबरात एका वेळी सात-आठ लागतील, मे महिन्यात दोन. बाकीच्या रिकाम्या वाहिन्यांचं भाडं बारा महिने. पेटीची किंमत एकदम, तिची देखभाल वेगळी, आणि कृष्णेचं पाणी कधी येईल ते कृष्णेला माहीत. अण्णांना मात्र हाच पर्याय आवडला होता. वस्तू दिसते, हात लावता येतो, आपली असते. ही भावना मी हसण्यावारी नेत नाही. महिन्याचं भाडं हा हप्ता कधी संपतच नाही, हे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

दुसरा, कंपनीच्या नावावर सिमकार्डं काढून तंत्रज्ञांना वाटायची. सगळ्यांत स्वस्त. माणूस गेला तरी नंबर राहतो. पण तो नंबर व्यस्त असेल तर फोन दुसरीकडे वळत नाही, रांग नाही, आणि कुणाचा फोन आला होता याची नोंद त्या त्या हँडसेटमध्येच. वह्यांच्या जागी अकरा मोबाइल, एवढाच फरक.

तिसरा पर्याय पुतण्याने आणला. तो संगणक शिकलेला. ॲस्टरिस्क हे ईपीएबीएक्सचं काम करणारं मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर टाकू, परवान्याचा पैसा शून्य. तांत्रिकदृष्ट्या पोरगं बरोबर होतं; जगभर कित्येक यंत्रणा यावर चालतात. पण अशी यंत्रणा इंटरनेटवर उघडी पडली की पासवर्ड फोडून परदेशी महागडे कॉल लावणारे टपलेलेच असतात, आणि तिची राखण रोज करावी लागते. वहिनींनी एकच प्रश्न विचारला: "तुला पुण्याला नोकरी लागली की हे कोण बघणार?" पुढच्या जूनमध्ये त्याला लागलीच.

चौथा, मासिक वर्गणीची क्लाउड टेलिफोनी, म्हणजे पेटीचं काम सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर. इथे दोन जाती आहेत आणि विकणारे त्या मुद्दाम एका टोपलीत घालतात. एका जातीत सगळं इंटरनेटवरून: मोबाइलमध्ये ॲप किंवा टेबलावर आयपी फोन, म्हणजे नेटला जोडलेला फोन. दुसरीत ग्राहक एका व्हर्च्युअल नंबरवर फोन करतो, क्लाउडमधली यंत्रणा तो उचलते, आणि माणसाच्या साध्या मोबाइलवर साध्या नेटवर्कनेच वळवते. पहिलीत आवाज चांगला, मिनिटाचा खर्च कमी, पण नेट पक्कं हवं. दुसरीत नेट नसलं तरी चालतं, पण प्रत्येक वळवलेल्या फोनचे पैसे.

निर्णय

तंत्रज्ञ गच्चीवर, हात ओले, गावात डेटा कधी आहे कधी नाही. त्यांच्यासाठी दुसरी जात. ऑफिसातल्या दोघींसाठी ॲप. हे ठरायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो तीन गोष्टींना.

एक, वर्षाचे पैसे एकदम भरायचे की महिन्याला. वर्षाचे भरले तर दोन महिने मोफत, अशी ऑफर होती. अण्णा आणि धाकटे दोघेही भरायला तयार. वहिनींनी करार मागवला आणि बारीक अक्षरातलं वाक्य दाखवलं: वार्षिक योजनेत वापरकर्ते वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. म्हणजे डिसेंबरचे चौदा वापरकर्ते जूनमध्येही चौदाच. ज्या धंद्याचा फोन वर्षातले सहा-सात महिने झोपलेला असतो, त्याने दोन महिन्यांच्या सवलतीसाठी ते महिने भरायचे? मासिक योजना घेतली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच. वर्गणीच्या सेवेचा फायदा सांगताना सगळे "हवं तसं वाढवता येतं" म्हणतात. हंगामी धंद्याला ती कमी करता येणं जास्त मोलाचं.

दोन, कोणता नंबर. लँडलाइन हजारो टाक्यांवर छापलेली. मोबाइल नंबर देशभर २०११पासून पोर्ट करता येतो, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला ती सोय नाही. मग जुनी एक लाइन चालू ठेवून तिच्यावरचे सगळे फोन नव्या व्हर्च्युअल नंबरवर फॉरवर्ड करायचे. फॉरवर्डिंग एक्स्चेंजमध्ये बसतं, त्यामुळे ऑफिसपर्यंतची तार तुटली, पेटी भिजली तरी फोन पुढे जातो. नव्या स्टिकरवर व्हर्च्युअल नंबर छापायचा ठरला. १८००चा टोल-फ्री नंबर धाकट्यांना हवा होता, मोठी कंपनी वाटते म्हणून. पण आता जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलवर अमर्याद कॉलचा पॅक असतो. ग्राहकाचे पैसे वाचत नाहीत आणि आपल्याला मात्र प्रत्येक मिनिट पडतं. शिवाय १८०० दिसला की पलीकडे मशीन बोलणार अशी लोकांची धारणा. तो बेत सोडला.

तीन, रेकॉर्डिंग. यावर तंत्रज्ञ उखडले. "म्हणजे आमच्यावर पाळत," असं सरळ बोलून दाखवलं. यामागे आणखी एक गोष्ट होती, जी कुणी बोलत नव्हतं: परस्पर कामं. करारात नसलेली नळी बदलायची आणि पैसे खिशात. अण्णांना हे ठाऊक होतं. नंबर फर्मचा झाला की ती वाट बंद होणार, हे तंत्रज्ञांनाही ठाऊक होतं. तिथे नुसता नियम काढला असता तर आणखी दोघे-तिघे त्या जुन्या सहकाऱ्याच्या वाटेने गेले असते. बोलणी झाली. दर भेटीमागचा भत्ता वाढवला, सुट्या भागांवर ठरावीक वाटा कबूल केला. रेकॉर्डिंग फक्त फर्मच्या नंबरवर येणाऱ्या फोनचं, सुरुवातीला ग्राहकाला सांगून, नव्वद दिवस ठेवायचं, आणि वाद झाला तरच वहिनींनी ऐकायचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याच ऑगस्टमध्ये, २०२३ला, मंजूर झाला होता; त्याचे नियम पुढे २०२५च्या नोव्हेंबरात आले. ग्राहकाचा आवाज, पत्ता, नंबर आपण का ठेवतो आणि कधी पुसतो हे सांगता आलं पाहिजे, एवढी शिस्त तेव्हाच लावली ते बरं झालं.

अंमलबजावणी

ऑक्टोबरमध्ये सुरुवात. कागदपत्रं, म्हणजे जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, अधिकारपत्र, देऊन नंबर मिळाला तो काही दिवसांत.

आयव्हीआरची, म्हणजे फोन उचलून पर्याय ऐकवणाऱ्या मशीनच्या निरोपाची, पहिली आवृत्ती धाकट्या भावाने लिहिली होती. आधी भाषा निवडा: मराठी, हिंदी, इंग्रजी. मग पाच पर्याय. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". चाचणीला आम्ही तासगावच्या एका जुन्या ग्राहक आजींना फोन लावायला सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मशीनलाच सांगायला लागल्या, "अहो, दोन दिस झालं थंडच पाणी यायलंय." फोन कानाला होता, बटण दाबायला तो खाली घ्यायचा, कुलूप उघडायचं, आकडे शोधायचे, हे त्यांच्याकडून होणारच नव्हतं. सगळं खोडलं. फोनवरच्या मुलींपैकी एकीच्याच आवाजात दोन वाक्यं भरली: पाणी तापत नसेल किंवा गळत असेल तर एक दाबा, नवीन घ्यायचा असेल तर दोन, काहीच दाबलं नाही तर थांबा, माणूस बोलेल. आणि खरंच माणूस बोलतो. बरेच लोक काहीच दाबत नाहीत.

ॲपवर मात्र पहिला आठवडा फार वाईट गेला. ग्राहकाचा आवाज येतोय, आपला जात नाही. किंवा आवाज तुटक. सगळे म्हणाले नेट वाढवा. नेट भरपूर होतं. एका संभाषणाला दोन्ही दिशांना साधारण ८० ते ९० केबीपीएस लागतात, दोन मुलींच्या फोनना ते कितीसं लागणार? कारणं दोन निघाली. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय मुळातच चालू होती. ती फोनच्या पाकिटांवरचे पत्ते स्वतःच्या अकलेने बदलते आणि एकेरी आवाजाचा घोळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. ती बंद केली. दुसरं, गोदामातले सीसीटीव्ही कॅमेरे दिवसभर चित्रीकरण क्लाउडवर चढवत होते आणि वर जाणारी वाट अडवत होते. कॅमेऱ्यांचं चढवणं रात्रीवर टाकलं, फोनला राउटरमध्ये अग्रक्रम दिला, आणि नेटची पेटी इन्व्हर्टरवर घेतली. नवीन नेट घ्यावं लागलं नाही.

एसएमएसचं काम रखडलं. "तक्रार नोंदली, अमुक वाजता माणूस येईल" एवढा मजकूर पाठवायलाही ट्रायच्या २०१८च्या नियमांप्रमाणे डीएलटी या व्यावसायिक संदेशांच्या ऑनलाइन नोंदवहीत फर्मची, हेडरची (पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं त्याची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. साचा दोनदा परत आला. त्यात मराठीचा वेगळा जाच: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि काना-मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. वहिनींनी लिहिलेला नीट, सभ्य निरोप तीन एसएमएसच्या किमतीचा झाला. शेवटी "तक्रार नोंदली. माणूस उद्या येईल." आणि खाली फर्मचं नाव, एवढ्यावर आलो.

पहिल्या हिवाळ्यात काय दिसलं

या भागावर जरा थांबतो, कारण सगळ्या खटाटोपाचं चीज इथे झालं आणि ते कुणाच्याच यादीत नव्हतं.

क्लाउड यंत्रणेत सुटलेल्या फोनचा तासावार तक्ता आपोआप निघतो. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा संपला आणि वहिनींनी तो उघडला. दुपारी, जेव्हा ऑफिसात सगळे हजर आणि फोनसाठी नवी माणसं ठेवायचा विचार चालला होता, तेव्हा सुटलेले फोन तुरळक. सकाळी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत मात्र तक्त्याचा खांब उभा. ऑफिस उघडतं दहाला.

कारण कळायला अर्धा मिनिट लागला. पाणी तापत नाही हे माणसाला कळतं कधी? अंघोळीला नळ सोडल्यावर. तो तिथूनच, टॉवेल गुंडाळलेला, फोन लावतो. लागला नाही तर मार्करचा नंबर आहेच. तंत्रज्ञ सकाळी सातला घरीच असतो आणि उचलतो. इतकी वर्षं लँडलाइन सकाळी रिकाम्या ऑफिसात वाजत होती आणि ती वाजल्याची खूण कुठेही उमटत नव्हती. दहाला ऑफिस उघडल्यावर फोन येत होते ते ज्यांना मार्करचा नंबर सापडला नाही त्यांचे.

उपाय त्याच आठवड्यात झाला आणि त्याला एक रुपयाचं यंत्र लागलं नाही. दोघींपैकी एकीची पाळी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, घरून, स्वतःच्या स्वयंपाकघरातून, आणि त्या दिवशी दुपारी तिला ऑफिसातून सुट्टी. ती माधवनगरला राहते. इतक्या सकाळी ऑफिसला यायला ती तयार झाली नसती आणि कुणी सांगितलंही नसतं. घरून फोन घेण्याला काही परवाना लागतो का, असं वहिनींनी विचारलं. कॉल सेंटरसारख्या सेवांची नोंदणीची अट दूरसंचार विभागाने २०२०च्या नोव्हेंबरात काढून टाकली आणि जून २०२१मध्ये नियम आणखी सैल केले. एका फर्मच्या स्वतःच्या तक्रार-टेबलाला तर प्रश्नच नव्हता.

त्या तीन तासांत नोंदलेल्या तक्रारी तंत्रज्ञांच्या हाती साडेनऊपर्यंत, गावावार लावून, जायला लागल्या. आधी मिरज, मग परत सांगली, मग परत मिरज अशा ज्या फेऱ्या व्हायच्या त्या कमी झाल्या. पेट्रोलचा खर्च घटला असं अण्णा सांगतात. किती, हे त्यांनी मोजलेलं नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे, त्याच ग्राहकाचा फोन परत आला की आधी तो मागच्या वेळी घरी गेलेल्या तंत्रज्ञाकडे वळवायची सोय. ओळख टिकली, पण फर्मच्या नंबरमधून. मार्करने नंबर लिहायला बंदी कधी घातलीच नाही. हळूहळू लिहिणं कमी झालं, थांबलं असं मी म्हणणार नाही.

खर्च

डिसेंबरचं बिल आलं तेव्हा अण्णांनी ते माझ्यापुढे न बोलता ठेवलं. अंदाजापेक्षा बरंच जास्त होतं.

यातली मेख सांगतो. यंत्रणेतून ग्राहकाला फोन लावला की आधी ती तंत्रज्ञाला फोन लावते, तो उचलला की ग्राहकाला, आणि दोन्ही जोडते. म्हणजे दोन कॉल, दोन्हींचे पैसे. पल्स, म्हणजे बिल मोजायचं एकक, ३० सेकंदांची. तीन मिनिटं दहा सेकंद बोललं तर सात पल्स, दुणे चौदा. विक्रेत्याने दर सांगितला होता तो एका पल्सचा, आणि तो खोटा नव्हता. "दारात आलोय, गेट उघडा" असल्या दहा सेकंदांच्या फोनलाही दोन पल्स पडत होत्या, आणि असे फोन दिवसाला ढिगाने.

तोडगा दुसऱ्या पर्यायातून आला, जो आम्ही बाजूला ठेवला होता. तंत्रज्ञांना कंपनीच्या नावाची सिमकार्डं दिली, अमर्याद पॅकची. दारातले फोन त्यावरून. तक्रार घेणं, वेळ ठरवणं, पैशाचं बोलणं क्लाउडमधून, म्हणजे त्याची नोंद राहते. जानेवारीचं बिल अंदाजाजवळ आलं. वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण फर्म नोंदणीकृत असल्याने त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं, म्हणजे फर्मला भरायच्या करातून तो वजा होतो. दोन कोटेशनांची तुलना करताना तो बाजूला ठेवूनच करायला हवी होती, जी सुरुवातीला झाली नव्हती.

मार्चअखेर वापरकर्ते चौदावरून पाचावर आणले. एक ईमेल, पुढच्या महिन्यापासून लागू. अण्णांचं मन खऱ्या अर्थाने वळलं ते या बिलाने. पीआरआयची लाइन अशी अर्धी करून मिळत नाही.

अडथळे

नव्या नंबरवरून ग्राहकांना फोन गेले की अनेक जण उचलत नव्हते. अनोळखी नंबर, काहींच्या स्क्रीनवर स्पॅमचा लाल शिक्का. नंबर आधी कुणी तरी विक्रीच्या फोनसाठी वापरलेला असावा. भेटीच्या आधी व्हॉट्सॲपवर फर्मचं कार्ड पाठवून "हा नंबर जपून ठेवा" सांगायला सुरुवात केली, तेव्हा फरक पडला. नव्या मॉडेलच्या जाहिरातीचे फोन या नंबरवरून करायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. त्यासाठी १४०ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे, आणि तक्रारीचा नंबर एकदा बदनाम झाला की सुधारायला फार वेळ जातो.

डिसेंबरातल्या एका सकाळी सेवा देणाऱ्याकडची यंत्रणाच बंद पडली. दोनेक तास. लँडलाइनचं फॉरवर्डिंग थेट मुलीच्या मोबाइलवर वळवलं असतं तर निम्मा प्रश्न सुटला असता, पण ते कसं बदलायचं हे ज्या पुतण्याला माहीत होतं तो झोपलेला. आता ती कृती कागदावर लिहून दोघींच्या घरी आणि ऑफिसात चिकटवली आहे आणि दर दिवाळीआधी एकदा करून बघतात.

परिणाम

दोन हिवाळे गेले. मिरज भागातले करार सगळे परत आले नाहीत. तो जुना तंत्रज्ञ चांगलं काम करतो, त्याला ग्राहक मिळणारच. इतर भागात नूतनीकरण सावरलं. दुसऱ्या वर्षी आणखी एक तंत्रज्ञ सोडून गेला, तेव्हा त्याच्या भागातले ग्राहक गळाले नाहीत, कारण त्याचं सिम आणि त्याच्या ग्राहकांची यादी दोन्ही टेबलावर राहिलं. मला विचाराल तर यश मोजायचं ते इथे. वर्षाचा एकूण फोन खर्च आधीपेक्षा कमी झालेला नाही, थोडा वाढलाच आहे. पैसे वाचतील म्हणून क्लाउड घ्या, असं मी या प्रकरणावरून कुणाला सांगणार नाही.

पावसाळ्यात पाणी चढायला लागलं तेव्हा ऑफिस बंद करून सगळे वर गेले आणि फोन चालूच राहिले. त्याची कुणी वेगळी दखलही घेतली नाही.

आज परत करायचं झालं तर

सगळ्यांत मोठा बदल नंबराचा. फर्मने हजारो नव्या स्टिकरवर व्हर्च्युअल नंबर छापला, आणि तो नंबर सेवा देणाऱ्याच्या नावावर आहे. नूतनीकरणाला दर वाढले तेव्हा हे बोचलं. दुसरीकडे जायचं तर स्टिकर बदलायचे, गच्चीगच्चीवर जाऊन. फर्मच्या केवायसीवर घेतलेला साधा मोबाइल नंबर छापून तो आतल्या बाजूने व्हर्च्युअल नंबरवर वळवला असता, तर उद्या तोच नंबर पोर्टही करता आला असता आणि सेवा बदलली तरी ग्राहकाला पत्ता लागला नसता. यात एक गोम आहे: फसवणुकीच्या प्रकारांमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून यूएसएसडी कोडवरचं, म्हणजे फोनवर * आणि # चे आकडे दाबून होणारं, कॉल फॉरवर्डिंग थांबवायला लावलं, त्यामुळे ऑपरेटर ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने चालू करून देतो, हे नंबर छापायच्या आधी करून बघावं लागतं. लँडलाइनचा नंबर तरी सोडायचा नाही, हे अण्णांनी हट्टाने लावून धरलं होतं, आणि आज ग्राहकांकडे छापून गेलेल्या नंबरांपैकी तोच एक फर्मच्या नावावर आहे.

करारात सोडून जाण्याची अट आधी मागायला हवी होती. ती मागितली दर वाढल्यावर, तेव्हा घासाघीस करायला हाती काही नव्हतं. सेवा सोडल्यास तीन महिने नंबरवर पुढचा नंबर ऐकवत राहणार, एवढं ईमेलवर कबूल करून घेतलं. रेकॉर्डिंग उतरवून देण्याचं त्यांनी नाकारलं. कॉलची यादी मात्र वहिनी दर एक तारखेला सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतात.

आणि तासावार तक्ता बघायला नवी यंत्रणा घ्यायची वाट बघायची गरज नव्हती. २०२२च्या हिवाळ्यात लँडलाइनला फक्त कॉलर आयडीचं साधं यंत्र लावलं असतं, तरी सकाळी सातचे फोन त्यात दिसले असते. क्लाउड घ्यायचं की नाही हे त्यानंतर ठरवता आलं असतं, आणि कदाचित आधी फक्त पाळ्या बदलून एक हिवाळा काढता आला असता. आता वहिनींकडे सोलापूरच्या शाखेसाठी प्रस्ताव आलेला आहे. त्यावर सही करायच्या आधी तिथल्या फोनचे दोन आठवडे, तासातासाने, वहीत लिहून घ्यायला त्यांनी सांगितलं आहे.